मागून येणारी चाकं

डिसेंबरातल्या पहाटे लोखंडाला हात लावला की गारवा सुईसारखा टोचतो. ट्रॉलीच्या चाकापाशी उकिडवं बसायचं, व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढायची, मीटरचं तोंड सरळ धरून दाबायचं. क्षणभर फिस्स होतं, काटा उडी घेतो आणि थांबतो. ७८. पुढचं चाक, ८०. पलीकडच्या बाजूला दव पडलेलं गवत असतं, पायजम्याचा काठ भिजतो. ७९. शेवटच्या चाकाला काटा लवकर थांबतो. ६१.

हे ६१ डोळ्यांना दिसत नाही. चारही चाकं दहा पावलांवर उभं राहून पाहिली तर सारखीच दिसतात. रिकाम्या ट्रॉलीखाली ६१ पौंडांचं चाकसुद्धा ताठ उभं असतं, वहाणेनं ठोकर मारली तर बाकीच्यांसारखाच आवाज देतं. कांदा भरला, पंचवीस-तीस क्विंटलचं ओझं आलं, की मग ते बसायला लागतं. पण तोवर आपण पुढं ट्रॅक्टरवर चढलेले असतो, त्याच्याकडे पाठ करून.

आमचं गाव गिरणेच्या काठचं, तालुका मालेगाव. मी नोकरीनिमित्त शहरात येऊन-जाऊन असतो, शेती धाकटा भाऊ बघतो, पण सकाळी हवा मोजायचं काम मी माझ्याकडे ठेवून घेतलं आहे. घरातल्यांना त्याचं आता काही वाटत नाही. माझे वडील, आप्पा, असते तर त्यांना वाटलं असतं. आप्पांना ट्रॅक्टरचं प्रेम फार. दसऱ्याला तो गिरणेवर नेऊन धुवायचा, झेंडूचा हार, बोनेटवर गंधाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. इंजिनाचं ऑइल किती तासांनी बदललं याची नोंद त्यांच्या तोंडी असायची. ट्रॉलीला त्या दिवशी उरलेला हार हुकाला बांधायचे. वर्षभरात तेवढंच तिच्या वाट्याला यायचं. तिला इंजिन नाही, मीटर नाही, बसायला शीट नाही. पावसाळाभर ती निंबाखाली उभी. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या, पोरं तिच्यावर चढून निंबोळ्या पाडायची, रिमच्या भोकांतून गवत वर यायचं. आणि त्या चार महिन्यांत, कुठलाही काटा घुसलेला नसताना, चाकातली हवा थोडी थोडी निघून जायची. रबर कितीही चांगलं असो, ते हवेला पुरतं अडवत नाही. ती झिरपतेच. विहिरीचं पाणी खाली गेलेलं पायऱ्यांवरून कळतं. हिचं काहीच कळत नाही.

दिवाळीनंतर लाल कांदा निघायला लागला की ट्रॉली जुंपायची वेळ यायची. आप्पा एक फेरी मारायचे आणि प्रत्येक चाकाला टाच हाणायचे. त्यांच्या पायात टायरच्या वहाणा असायच्या, तेव्हा टायरनंच टायरला ठोकर. ठण् वाजलं की पुढं. आम्हा पोरांना ते अहिराणीत बजावायचे, "आधी हवा देख, मंग निंघ." हवा पाहायची ती याच रीतीनं. आवाजावरून नारळ ओळखणारा माणूस चाकही ओळखेल, असा माझा बरीच वर्षं विश्वास होता.

त्यांचा आणखी एक नेम होता. होळी झाली, ऊन तापायला लागलं, की ते व्हॉल्व्हमध्ये खिळ्याचं टोक दाबून थोडी थोडी हवा सोडून द्यायचे. उन्हानं हवा फुगते, फुगली की टायर फुटतो, म्हणून आधीच जागा करून ठेवायची. हे त्यांनी कुणाकडून घेतलं होतं ठाऊक नाही. आमच्या कसमादे पट्ट्यात निम्मे ट्रॅक्टरवाले आजही असंच करतात. मीही त्यात काही वावगं पाहिलं नाही. शाळेच्या पुस्तकात लिहिलेलंच होतं, तापली की हवा फुगते. पुस्तक आणि आप्पा एकच बोलत होते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा एप्रिल. उन्हाळ कांदा भरून आम्ही मुंगश्याच्या उपबाजाराकडे निघालो होतो. निघायलाच अकरा वाजले. मालेगावचा एप्रिल ज्यानं अंगावर घेतलाय त्याला सांगायला नको. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जाऊन बसतो आणि डांबर चपलेला चिकटतं. आप्पा चालवत होते, मी मडगार्डवर. मागून एक मोटारसायकलवाला आला, शेजारून जाताना हात खाली-वर करत काहीतरी ओरडला. आप्पांना वाटलं बाजू मागतोय. त्यांनी ट्रॅक्टर डावीकडे घेतला. तो पुढं जाऊनही मान वळवून पाहत राहिला, हे मला अजून दिसतं.

तो काय सांगत होता ते अर्ध्या किलोमीटरनंतर कळलं. तोफेसारखा आवाज झाला. ट्रॉली उजवीकडे कलली, मागचा फाळका निसटला आणि कांदा रस्त्यावर आला. सांडला असं म्हणवत नाही, तो वाहिला. पिवळट-लाल कांदा डांबरावर पसरत, उताराला घरंगळत, समोरच्या एसटीच्या चाकापर्यंत गेला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. लोक उतरले. कुणी कुणाला काही न सांगता सगळे कांदे गोळा करायला लागले. बायका पदरात, पोरं टोप्यांत. एक म्हातारबाबा काठीनं एकेक कांदा कडेला लोटत होते. आप्पा मात्र चाकाजवळ बसून राहिले होते. कांद्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

ट्रॉलीच्या चाकाचं हेच आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात हवा कमी झाली तर स्टेअरिंग ओढतं, मागच्यात झाली तर शीट एका अंगाला झुकतं. चालवणाऱ्याच्या हाताला, कमरेला कळतं. मागच्या ट्रॉलीचं चाक रस्त्यावर बसून चाललं तरी पुढं काही पोचत नाही. जास्तीत जास्त इंजिन थोडं जड वाटेल, आणि तेही चढ आहे म्हणून सोडून दिलं जाईल. पुढच्याला कळायचं ते मागून येणाऱ्या कुणीतरी सांगितलं तरच.

तासाभरानं चाचा आले. मालेगावात त्यांचं पंक्चरचं दुकान, बाजूच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावरही ते मोठ्यानंच बोलायचे. एम-एटीवर जॅक, लाकडी ठोकळे, दोन टॉम्या, घण असं सगळं बांधून आणलेलं. चाक काढून त्यांनी टायर रिमवरून उतरवला आणि त्याची फाटलेली बाजू दोन्ही हातांनी उलटी केली.

"पाटील, हवा किती होती?"

"थोडी कमी केली होती. ऊन आहे म्हणून."

"किती कमी?"

आप्पा बोलले नाहीत. किती होती हेच माहीत नव्हतं, तर किती कमी केली हे कुठून सांगणार?

चाचांनी मला जवळ बोलावलं. फाटलेल्या बाजूच्या आत बोट फिरवलं आणि चिमटीत काहीतरी धरून बाहेर ओढलं. दोरे होते. नायलॉनचे, टोकाला वितळून गुठळी झालेले, काही नुसते विस्कटलेले, जुन्या गोधडीची कड उसवावी तसे. रबर त्यांच्यावरून सुटून गेलं होतं. "देखो," ते म्हणाले, "रबर तो सिर्फ ऊपर है. अंदर सब सूत है. टायर म्हणजे कपडाच आहे, पाटील."

मालेगावातल्या माणसाला यापेक्षा सोपं करून कुणी सांगितलं नसतं. चाचांचं घराणं मूळ मागवाल्यांचं. उत्तरेतून १८५७ च्या धामधुमीनंतर जी विणकर कुटुंबं दक्षिणेकडे सरकत मोसमच्या काठी वसली त्यांच्यातलं. लहानपणी ते मागावर बसलेले. ताणा ढिला असला की दोरा मार खातो, मार खाल्ला की झिजतो, झिजला की तुटतो, हे त्यांच्या बोटांना आधीपासून ठाऊक. पुढं टायर हाती आल्यावर त्यांना तिथंही तेच दिसलं. टायरच्या पोटात दोऱ्यांचे थर असतात, एकावर एक, तिरपे. हवा त्या थरांना आतून ताणून धरते. ओझं पेलतात ते हे ताणलेले दोरे. रबर त्यांचं अंगावरचं पांघरूण. हवा कमी झाली की ताणा ढिला पडतो. मग चाकाचा प्रत्येक फेरा म्हणजे त्या दोऱ्यांचं एक वाकणं आणि एक सरळ होणं. ट्रॉलीचं चाक किलोमीटरला साडेतीनशेच्या वर फेरे घेतं. अठरा किलोमीटरच्या वाटेला सहा हजारांवर. तारेचा तुकडा हातात घेऊन तो वाकव-सरळ कर असं प्रत्येकानं लहानपणी केलेलं आहे. वाकल्या जागी तार तापते आणि मग तुटते. आमचं चाक त्या दिवशी उन्हानं तापलं नव्हतं. ऊन होतंच, पण त्याला जाळलं ते या आतल्या वाकण्यानं. आप्पांनी टायर वाचावा म्हणून जी हवा सोडली होती, तिच्यावाचून तो गेला.

पुस्तक खोटं नव्हतं. तापली की हवा फुगते, बरोबर. पण किती, हे आम्ही कधी मांडून पाहिलं नव्हतं. थंडीतल्या पहाटे दहा अंशांत ८० पौंड भरलेलं चाक, तीच हवा, एप्रिलच्या दुपारी त्रेचाळीस अंशांत साधारण ९१ दाखवील. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी हिशोबात धरलेली असते. म्हणून तर हवा गार चाकात मोजायची, वाटेत थांबून तापलेल्या चाकातली सोडायची नाही. सोडली, तर संध्याकाळी चाक निवल्यावर ती कमीच भरणार, आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त तापणार. दर उन्हाळ्यात एक टायर का जातो, याचं कोडं आमच्या घरात पिढीभर सुटलं नव्हतं. दर उन्हाळ्यात आम्हीच तो घालवत होतो.

टायरच्या बाजूवर जे आकडे असतात ते मी त्यानंतर वाचायला शिकलो. ९.००-१६ म्हणजे टायरची रुंदी नऊ इंच आणि रिम सोळा इंचांची. शेजारी १४ पीआर किंवा १६ पीआर. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, थरांची ताकद. पूर्वी टायरच्या आत सुती कापडाचे थर असायचे आणि ते खरोखर मोजले जायचे. आता नायलॉन आलं, थर कमी झाले, पण ताकद सांगायची ती अजून त्या सुताच्याच भाषेत. चाचांना हे मी वाचून दाखवलं तेव्हा ते इतके खूश झाले की शेजारच्या मागवाल्याला हाक मारून त्यांनी ते परत सांगितलं.

पुढं वाचत गेलो तर गोष्ट आणखी मागं गेली. हवा भरलेल्या चाकाचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्येच घेतलं होतं. ते विसरलं गेलं. मग १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी रबराची नळी केली, तिच्यात हवा भरली आणि वरून कापड गुंडाळून ती चाकाला ठोकली. बेलफास्ट तेव्हा लिननच्या मागांचं शहर. गल्लोगल्ली माग वाजत असलेल्या गावात, जनावरांचे पाय हाताळणाऱ्या माणसानं, कापडात गुंडाळून चाकाला मऊपणा दिला. मालेगावात बसून हे वाचताना दूरच्या कुठल्या शोधाविषयी वाचतोय असं मला वाटलंच नाही.

त्याच डनलॉपचं नाव आमच्या आज्याच्या काळी बैलगाडीला लागलं. डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये बंगालात साहागंजला निघाला आणि पुढं बैलगाडीसाठीच वेगळे टायर मिळायला लागले. आमच्याकडे तिला टायरगाडी म्हणायचे. आज ऊसतोडीच्या टोळ्यांत 'टायर सेंटर' हा शब्द आहे तो याच गाडीवरून; बैलजोडी मजुराची, गाडी कारखान्याची. पण आज्याचा जीव जुन्या लाकडी चाकात होता. चाकाला धाव चढवायचा दिवस तो सणासारखा सांगायचा. तुंबा, आरे, पुठ्ठे सुतारानं जुळवून दिलेले असायचे. लोहार लोखंडाची धाव चाकापेक्षा बोटभर लहान ठेवायचा, गोवऱ्यांच्या आरात लालभडक तापवायचा, सांडशीनं चौघांनी उचलून ती चाकावर बसवायची आणि लगेच घागरींनी पाणी. चर्र आवाज, धूर, जळक्या लाकडाचा वास. लोखंड आकसायचं आणि चाकाचे सगळे सांधे करकचून एकजीव व्हायचे. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव ढिली पडायची. मग गाडी वाटेत ओढ्याला लागली की आजा ती मुद्दाम पाण्यात उभी करायचा, लाकूड फुगून घट्ट व्हावं म्हणून. चाक ढिलं पडू द्यायचं नाही हे आज्याला पक्कं ठाऊक होतं. आप्पांच्या हाती ते चाक रबरातून आलं आणि त्याचा ढिलेपणा ओळखायची रीत मात्र त्यांच्यापर्यंत आली नाही. वहाणेची ठोकर तेवढी उरली.

अजून एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच, तिथं हवा लागते बारा ते वीस पौंड. बरेच जण तर त्यात पाणी भरून वजन वाढवतात. ट्रॉलीचं चाक मांडीएवढं, त्याला ८०. ट्रॅक्टरच्या चाकाला नांगरटीत माती धरायची असते, पसरायचं असतं. ट्रॉलीच्या चाकाला फक्त ओझं वाहायचं असतं. भरलेल्या ट्रॉलीच्या एका चाकावर दहा-अकरा क्विंटल येतात आणि ते ज्या जागेवर टेकतात ती जागा दोन तळहातांएवढी. एवढ्याशा जागेनं एवढं ओझं धरायचं तर आतून तेवढाच रेटा हवा. याचाच तोटा म्हणजे काळ्या रानात ट्रॉली फसते. कडक चाक सुरीसारखं मातीत उतरतं. मग कुणी म्हणतं हवा कमी करा. शेतात ते बरोबरही असतं. पण शेताच्या बांधापासून डांबरापर्यंत हवा परत भरायची सोय कुणाकडे आहे? शेतातून कमी हवेवर निघालेली ट्रॉली बाजारापर्यंत तशीच जाते. आम्ही आता ओल असेल तर निम्मा कांदा बाहेर काढून बांधावर भरतो. हमाली दुप्पट होते. होऊ दे.

सगळ्यात अवघड टायर म्हणजे ट्रकचे उतरलेले, वर नवं रबर चढवलेले. निम्म्या ट्रॉल्या त्यांच्यावरच चालतात, कारण नवे परवडत नाहीत, विशेषतः कांद्याला भाव नसलेल्या वर्षी. २०२३ च्या डिसेंबरात निर्यात बंद झाली आणि भाव पडले, तेव्हा आमच्याकडे टायर बदलायचे ठरले होते ते पुढच्या वर्षावर गेले. अशा टायरच्या बाजूवरची अक्षरं घासून गेलेली असतात. किती भरायचं ते त्याच्यावर वाचता येत नाही. तिथं चाचांसारखा माणूस लागतो, जो आत हात घालून सूत कुठं कच्चं आहे ते सांगतो. त्यांचं हवा भरणंही पाहण्यासारखं. ट्रकच्या रिमला एका बाजूनं लोखंडी रिंग अडकवलेली असते. ती नीट बसली नसेल आणि हवा भरताना सुटली तर माणूस जागेवर ठार होतो. चाचा चाक रिंगेच्या बाजूनं जमिनीवर पालथं टाकायचे, मधून पहार घालायचे, आणि कॉम्प्रेसर सुरू करायच्या आधी आजूबाजूच्या पोरांना हातानं मागं सारायचे. "पीछे, बच्चो, पीछे." मग थोडी हवा, थांबा, पुन्हा हवा. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला ते दुसरं दुकान दाखवायचे.

बाजार समितीच्या भुईकाट्यावर ट्रॉली दोनदा चढते. भरलेली एकदा, रिकामी एकदा. किलोपर्यंत वजन लिहिलं जातं, त्यावरून पट्टी होते. लिलावात व्यापारी वक्कल पाहतात, मूठभर कांदा उचलून साल चोळतात, गोल्टी किती ते बघतात. त्या सगळ्या रांगेत, शे-दोनशे ट्रॉल्यांच्या, खाली वाकून कुणी चाक पाहताना मला दिसलेलं नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि टायर फुटून माणसं मरायला लागली, तेव्हा परिवहन खात्यानं प्रवेशाच्या नाक्यांवर मोटारींचे टायर तपासून झिजलेल्यांना परत पाठवायला सुरुवात केली. चांगलं केलं. पण त्या रस्त्यावर ट्रॅक्टरला जागाच नाही. आमच्या ट्रॉल्या ज्या रस्त्यांनी जातात तिथं नाका नाही. बाजार समितीच्या दारातच एक कॉम्प्रेसर आणि एक मीटर ठेवला, रांगेत उभ्या ट्रॉलीची चाकं लिलाव होईस्तोवर कुणी मोजून दिली, तर किती खर्च येईल? मी हे दोन-तीन ठिकाणी बोललो आहे. बोलत राहणार आहे.

कारण ट्रॉलीत फक्त कांदा नसतो. पौष पौर्णिमेला चंदनपुरीची यात्रा भरते. खंडोबा आणि बाणाईची. आम्ही लहानपणी ट्रॉलीत बसूनच जायचो. खाली कडबा, त्यावर सतरंज्या, मधोमध आज्या आणि आत्या, कडेनं पोरं फाळक्याला धरून. येताना अंगभर भंडारा, मांडीवर रेवड्यांचा पुडा, आणि ट्रॉलीच्या डुलण्यानं लागलेली झोप. त्या चाकांना स्प्रिंग म्हणून खाली काही नव्हतं. जी काय झोप लागली ती चाकातल्या हवेच्या जिवावर. कायद्यानं ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत. तरी लग्नाला, लागवडीला, यात्रेला ती बसतात, कारण दुसरं काही यायचं नाही आणि आलं तरी परवडायचं नाही. आप्पा त्या यात्रेला निघताना चारही चाकांना टाच मारायचे. आत आई बसलेली असायची, माझी धाकटी बहीण तिच्या मांडीवर असायची. आज त्या ठोकरीची आठवण आली की माझ्या पोटात गोळा येतो.

आप्पांनी त्या एप्रिलनंतर मीटर आणला. चाचांनीच दिला, जुना पितळी, स्वतःच्या दुकानातला. आप्पांना त्याचे बारीक आकडे दिसायचे नाहीत, म्हणून ते मीटर लावायचे आणि मी वाचायचो. वाचलेला आकडा ते कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहायचे, दुधाच्या हिशोबाशेजारी. ते गेल्यावर ती पानं मी काढून ठेवली आहेत. चार चाकांचे चार आकडे, तारीख, आणि कुठं कुठं खाली एक अक्षर, 'भ.' म्हणजे भरली.

गेल्या जानेवारीत मी सकाळी मोटारसायकलवरून मालेगावला निघालो होतो. पुढं एक ट्रॉली. लागवडीला निघालेल्या पंधरा-वीस बाया, मांडीवर डबे, डोक्याला फडकी बांधलेली, कांद्याच्या रोपाच्या जुड्या ओल्या पोत्याखाली. ट्रॅक्टरवर गाणं मोठ्यानं लागलेलं. डावीकडचं मागचं चाक दर फेऱ्याला खाली पसरत होतं आणि बाजूचं रबर दुमडून वळी पडत होती. मी शेजारी जाऊन हात खाली-वर केला. ट्रॅक्टरवाल्या पोरानं बाजू दिली.

मी पुढं गेलो नाही. मागंच राहिलो आणि बायांना चाक दाखवलं. एक मावशी फाळक्यावरून वाकून बघायला लागल्या, मग त्यांनी डब्याचं झाकण काढून फाळक्याच्या लोखंडावर बडवायला सुरुवात केली. गाणं बंद झालं. ट्रॅक्टर थांबला.

पोरगा उतरून मागं आला. "काय झालं, दादा? सकाळी लाथ मारून पाहिली होती मी."

मी बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवली. एक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला. दुसरा आला. मग खिशातला मीटर काढून लावला. काटा ३८ वर थांबला. पोरगा वाकून बघत राहिला. बाया एकेक करत उतरल्या. उतरल्यावर रिकाम्या ट्रॉलीखाली चाक पुन्हा ताठ झालं, जणू काही झालंच नव्हतं.

"किती लागते?" मावशींनी विचारलं.

"ऐंशी."

"आन् आहे किती?"

"अडतीस."

त्यांनी बाकीच्या बायांकडे पाहिलं. पोरगा म्हणत होता की शेत दोनच किलोमीटरवर आहे, हळू नेतो, रोप सुकेल. मावशींनी ट्रॉलीतून आपला डबा उचलला, रोपाचं ओलं पोतं आत सावलीला सरकवलं आणि कडेच्या बाभळीखाली जाऊन ऐसपैस मांडी घातली.

"मंग ऐंशी होऊ दे," त्या म्हणाल्या.

मी पोराला मागं बसवलं आणि कॉम्प्रेसरवाल्याला आणायला मोटारसायकल वळवली.